गुरुवारचे चिंतन : माळ हातात, लक्ष हप्त्यात

॥ श्री गुरुदेव ॥
हल्ली आपली मुलं पगाराआधीच ॲपवरून पैसे उचलतात, घरी पत्ताच नसतो. १०,००० वर १५ दिवसांचे ५०० काहीच वाटत नाहीत; वर्षाचा हिशेब केला तर व्याज १२० टक्क्यांवर जातं. सावकार बरा म्हणायचा! कर्जाचं ॲप फोनमधले सगळे नंबर, फोटो मागत असेल तर लगेच काढून टाकावं. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासूनच याला मनाई केली आहे. कारण वसुलीचे फोन मग मामा-मावशीलाही जातात. गुंतवणुकीच्या ॲपची सेबीकडे नोंदणी पाहावी. असं ओझं घेऊन नामात मन कसं लागणार? या गुरुवारी आरतीनंतर सगळे मिळून बसूया. ज्याच्यावर असं कर्ज असेल त्याला बोलू द्यावं. त्याचं सांगून होईपर्यंत कुणीही रागवायचं नाही.