आडवी बाटली

दारू पिणें हा ज्याचा त्याचा प्रश्न, असें म्हणणारे मिल्लच्या १८५९ सालच्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाचा आधार घेतात. मिल्लनें दारूबंदीस विरोध केला, हें खरें. परंतु व्यसनापायीं कुटुंबाचें कर्तव्य चुकणारा दंडास पात्र आहे, असेंही तोच म्हणतो. मात्र बापाच्या दंडानें उपाशी मुलांचें पोट भरत नाहीं. म्हणून आधींच आवर घालण्याचा प्रश्न उरतो. रत्नागिरीस जन्मलेल्या टिळकांच्या प्रेरणेनें १९०८ सालीं पुण्यांत स्वयंसेवक गुत्त्यांपुढें उभे राहून गिऱ्हाइकांस परत फिरवीत. आज महाराष्ट्रांत गांवच्या एकूण स्त्रीमतदारांपैकीं निम्म्यांहून अधिक जणींनीं आडव्या बाटलीस मत दिलें, तर दुकान बंद होतें. एकूण म्हणजे यादींतल्या! घरीं बसलेलीचें मत आपोआप उभ्या बाटलीच्या पदरांत पडतें. तटस्थ राहणें हेंही एका पक्षास मिळणेंच होय, हें याहून स्पष्ट कोठें दिसेल?

तथापि दुकान मिटल्यानें तलफ मिटत नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं आलेली बंदी २०२१ सालीं उठली. ज्या गांवानें बाटली आडवी केली, त्यानें पडलेल्या माणसास उभें करण्याचा भारही आपल्या शिरावर घेतला आहे.