कुटुंबाने पोसलेली गिरणी

कारखान्याच्या वर्धापनदिनी तीन पिढ्यांचा सत्कार होतो. आजोबा, मुलगा, नातू, तिघांना शाल-श्रीफळ. मागे फलक, ‘आपण एक कुटुंब’. आजोबा आणि मुलगा कायम होते. नातू कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतो, हे मात्र कुणी बोलत नाही. मालकाने घरच्यासारखं सांभाळलं म्हणून पिढ्या टिकल्या, ही समजूत मला साफ उलटी वाटते.

मुंबईचं गिरणगाव आठवावं. कामगार पुढारी लोखंडे, त्यांनी मिळवलेली रविवारची सुट्टी, लाल बावट्याची युनियन हे सगळ्यांना पाठ आहे. गफलत होते ती एकाच ठिकाणी: बापामागे मुलगा गिरणीत शिरला कसा? कुणी म्हणतं मालकाची कृपा, कुणी म्हणतं वशिला. वशिला होताच. भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती होती आणि त्याचे हात ओले करावे लागत. १९३१च्या कामगारविषयक रॉयल कमिशनच्या अहवालातही हे आलं आहे. पण वशिल्याने दार उघडे, पोट भरत नसे. मुलगा आधी ‘बदली’ म्हणून लागे. पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा असेल तर काम, नाहीतर परत. सुताचा बाजार वरखाली होई, म्हणून मालकाला जादा हात दाराशी हवे असत, पण बिनपगारी. १९३५मध्ये गिरणीमालक संघाने बदलीची कार्डं सुरू केली. कार्ड मिळालं तरी रोजच्या कामाची हमी नव्हतीच.

मग काम नसलेल्या दिवशी त्याला जेवू कोण घाले? बापाचा पगार, गाववाल्यांच्या खोलीतली उसनवारी, खानावळवालीची उधारी, आणि कोकणात, घाटावर बायकांनी कसलेली शेती. बाजाराची मंदी मालकाच्या वहीत नव्हे, या घरांच्या चुलीवर उतरे. गिरणीने कुटुंब पोसलं नाही. कुटुंबाने गिरणी पोसली.

‘कायम’ होणं म्हणजे या ओझ्याचा थोडा वाटा मालकाच्या अंगावर जाणं. तो मायेने गेला नाही. १९४८चा राज्य विमा कायदा, १९५२चा भविष्य निर्वाह निधी, १९७२ची ग्रॅच्युइटी, यांच्यामागे संपांची लांब रांग आहे. १९८२च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा अनेकांना पुन्हा गावानेच सांभाळलं. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्या वेळी कुणाला नातं आठवलं नाही.

आजचा कंत्राटी मुलगा हा तोच बदली आहे. ऑर्डर कमी झाली की तो घरी, आणि त्याचा खर्च पुन्हा आईबापांवर. फरक एवढाच की अनेकांच्या मागे आता कसायला शेतही नाही. म्हणून त्याने कंपनीकडे जिव्हाळा मागू नये. कायमपणाचं पत्र मागावं, आणि ते एकट्याने नव्हे, संघटनेतून मागावं.