दुःख आणि आजार: बौद्ध श्रीलंकेतील एक प्रश्न

दुःखाला आजार कधी म्हणावे, हा प्रश्न वैद्यकाइतकाच तत्त्वज्ञानाचाही आहे. ब्रिटनमधील जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनमधील स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ मध्ये नैराश्याविषयी एक मांडणी केली: एखाद्या हानीतून आलेली निराशा त्या हानीपुरती न राहता साऱ्या आयुष्यावर पसरली, की नैराश्य जडते. श्रीलंकेचे मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेसेकरे यांना या वर्णनात रुग्ण दिसला नाही; चांगला बौद्ध दिसला. त्यांचा यावरील निबंध १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला.

सिंहली बौद्धांच्या दृष्टीने जीवन दुःखमय आहे, हे पहिले आर्यसत्यच होय. पौर्णिमेला शील पाळणारे वृद्ध देहाच्या अशुचितेवर ध्यान करतात. आपल्या माणसाच्या मृत्यूचा शोक अनित्यतेच्या विचारात मिसळतो. त्याला शब्द, विधी आणि सोबत मिळते. हा आधार नसलेल्या समाजात तोच शोक मोकळा भटकतो आणि वैद्यक त्याला रोग म्हणून नाव देते.

उलट बाजूने पाहण्यासाठी ओबेसेकरे यांनी एक कल्पित प्रयोग सुचवला. धातू, म्हणजे वीर्य, गेल्याने माणूस खंगतो, ही दक्षिण आशियातील समजूत. तिची लक्षणे घेऊन कोणी अमेरिकेत रुग्ण शोधू लागला, तर ते सापडतीलही. पण त्या निदानाला तिथे कोणी हसल्याशिवाय राहणार नाही. मग नैराश्याची लक्षणयादी जगभर फिरवताना तोच संकोच का वाटू नये?

युक्तिवाद मार्मिक आहे, पण तो पुरा पडत नाही. झोप उडालेला, अन्न नकोसे झालेला, अंथरुणातून उठवत नसलेला माणूस ध्यान तरी कसे करणार? साधकाचे दुःख आणि आजार यांतला हा भेद खुद्द बौद्ध परंपरेला ठाऊक आहे. मनाचे जड मांद्य ती पाच नीवरणांत, म्हणजे साधनेतील अडथळ्यांत, मोजते. विनयपिटकातील, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातील, वैशालीची कथा तर अधिक बोलकी आहे. अशुभभावना, म्हणजे देहाच्या अशुचितेवरील ध्यान, करणाऱ्या अनेक भिक्षूंना स्वतःच्या देहाची इतकी किळस आली, की त्यांनी जीव दिला किंवा दुसऱ्याकडून घेववला. तेव्हा बुद्धांनी भिक्षूंना श्वासावरील ध्यान, आनापानसती, शिकवले आणि मनुष्यवध हा संघातून कायमचे बाहेर काढणारा अपराध ठरवला. निर्वेद, म्हणजे संसाराविषयीची विरक्ती, मुक्तीकडे नेतो. तीच वाट मरणेच्छेकडेही वळू शकते, हे त्या कथेने मान्य केले आहे.