दोन रांगांत एकच लेकरू

समजा, बीदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरच्या एखाद्या वर्गात तिसरीची तीस लेकरं बसली आहेत. बाईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक रिकामी काडेपेटी दिली आहे. फरशीवर खडूने एक आडवी रेघ, तिच्याखाली मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू, लंबाणी अशी नावं. घरी जी भाषा बोलता तिच्या नावावर पेटी मांडायची, रेघेपासून वर, एकीला लागून दुसरी. चार-पाच जणांचं मांडून होतं आणि एक मुलगी पेटी हातात धरून उभीच राहते. “बाई, आई मराठी बोलते, आजी कन्नड. मी कुठं ठेवू?”

सीमेवरच्या गावात हा प्रश्न येणारच. तो टाळू नये. तिला दुसरी पेटी द्यावी, आणि तिच्यासारख्या सगळ्यांनाही. मग मोजायला सांगावं. लेकरं तीस आणि पेट्या तीसच्या पुढे! “बाई, जास्त कशा झाल्या?” असं एखाद्याने विचारलं, की पेटी म्हणजे लेकरू नव्हे, पेटी म्हणजे एक उत्तर, हे त्यांचं त्यांनाच उमगू लागतं. पुढे प्रश्न बदलावा: घरी सगळ्यात जास्त कोणती भाषा बोलता? आता प्रत्येकाला एकच पेटी. लेकरं तीच, घरं तीच, पण रांगांची उंची बदलली. आठ वर्षांच्या मुलाला हे डोळ्यांनी दिसतं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आपली जनगणनाही दोन्ही विचारते. मातृभाषा एकच नोंदली जाते, शिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषांपर्यंत नोंद होते. अशाच आकड्यांवर सीमाही आखल्या गेल्या: 1 नोव्हेंबर 1956 ला, भाषावार राज्यरचनेत, जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, औराद-भालकी म्हैसूर राज्यात, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात. त्या वाटणीत भाषेच्या टक्केवारीला मोठं वजन होतं. टक्केवारीत माणूस एकाच रांगेत उभा असतो. घरात तो दोन रांगांत राहतो.

पेट्या का, असं कुणी विचारेल. कारण त्या सारख्या मापाच्या असतात. चार बटाटे आणि सहा लिंबं शेजारी मांडून पाहा. बटाट्यांची रांग लांब दिसते आणि लहान मूल बटाटेच जास्त म्हणतं. सारखं माप आणि एकच सुरुवातीची रेघ, ही आलेखाची दोन मुळं हातात भिनल्यावरच चौकटीचा कागद पुढे करावा. एक सेंटीमीटर म्हणजे पाच मुलं, हे प्रमाण त्यानंतरचं. आपण मोठी माणसं तिथूनच सुरुवात करतो आणि लेकरं रंग भरत बसतात.

अशा रांगांच्या आलेखाचा, म्हणजे स्तंभालेखाचा, जन्मही अडचणीतूनच झाला. तो मांडणाऱ्या विल्यम प्लेफेअरच्या 1786 च्या पुस्तकात व्यापाराच्या चढत्या-उतरत्या रेषा आहेत. स्कॉटलंडचे आकडे मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून त्याने देशागणिक पट्ट्या काढल्या.

वर्गात पेट्या मांडून झाल्यावर आलेखाचं वाचन. सगळ्यात उंच रांग कोणती, हे कुणीही सांगतं. ‘मराठीच्या पेट्या कन्नडपेक्षा किती जास्त?’ म्हटलं की पुष्कळ लेकरं मराठीच्या सगळ्याच पेट्या मोजतात. तिथं थांबावं, दोन्ही रांगांतल्या पेट्यांच्या जोड्या लावाव्यात, उरलेल्या मोजायला लावाव्यात. मग विचारावं, ही रांग पाहून कुणाला कन्नड वाचता येतं ते कळेल का? नाही कळणार. आलेख काय सांगत नाही, हेही वाचनच आहे.

दुसऱ्या दिवशी पिकांचा आलेख करता येईल. घरच्या रानात यंदा काय पेरलं? सोयाबीन, तूर, मूग, उडीद, ज्वारी. पुन्हा तीच अडचण, कारण सोयाबीनच्या ओळींत तूर असते. पण रान दोन रांगांत कसं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. आंतरपीक त्यांनी बांधावर उभं राहून पाहिलेलं असतं.

बाई, गुरुजी, फळ्यावर आयता आलेख काढून देऊ नका. एक प्रश्न लेकरांनाच ठरवू द्या, आणि पेटी हातात धरून जे उभं राहील त्याचं आधी ऐकून घ्या.