न दिलेलं

गाडी घरी आली त्या दिवशी आम्ही ती आधी किल्ल्यातल्या कमल बस्तीत नेली. बेळगावात आमच्याकडे नवी वस्तू आली की पहिली फेरी तिकडेच. नेमिनाथांचं दर्शन झालं, नारळ फुटला, सूनबाईनं बॉनेटवर हळदीकुंकू लावलं, नातवानं चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि ती फुटताना टाळ्या पिटल्या. (लिंबू कुठल्या शास्त्रात बसतं हे मला विचारू नका. सासूबाईंपासून चालत आलंय.) रात्री सगळे झोपल्यावर मी गाडीचे कागद फाईलमध्ये लावायला बसले. आमच्या घरी कागद मीच लावते. दुकानदाराची लेक म्हणून ते काम लग्नापासून माझ्याकडे आहे, आणि मला आवडतंही.

कागद लावताना दिसलं की शोरूमनं चाळीस हजार रुपये दोनदा वजा केलेत.

झालं होतं असं. जुनी गाडी आम्ही त्यांनाच दिली होती. तिचे २,१०,००० ठरले होते, आणि जुनी देऊन नवी घेतली म्हणून वर ४०,००० एक्स्चेंज बोनस. बोनसची रक्कम बिलातच सूट म्हणून कमी केलेली होती, ते बरोबर होतं. पण शेवटच्या हिशेबाच्या कागदावर, जिथं विमा, रस्ता कर, ॲक्सेसरीज सगळं मिळवून आमचं देणं काढलं होतं, तिथं जुन्या गाडीच्या किमतीखाली बोनसचे ४०,००० पुन्हा वजा झाले होते. खाली मुलाची सही, शोरूमची सही, शिक्का. मी दोनदा बेरीज केली. मग फाईल बंद करून कपाटात ठेवली.

त्यानंतरचे अकरा दिवस मी कुणाला काही बोलले नाही. हा लेख खरं तर त्या अकरा दिवसांबद्दल आहे.

चोरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुलूप तोडणारा माणूस येतो. म्हणून अचौर्य अणुव्रत आपल्याला सोपं वाटतं. पाच व्रतांत हे तर आपण पाळतोच, असं धरून आपण पुढं जातो. पण आपल्या आचार्यांचा शब्द ‘चोरी’पेक्षा बारीक आहे : अदत्तादान, म्हणजे न दिलेलं घेणं. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्रस्वामींनी तर ठेवलेलं, पडलेलं आणि विसरलेलं अशी तिन्ही प्रकारची परवस्तू या व्रताखाली आणली आहे. त्यातला ‘विसरलेलं’ हा शब्द मी कितीतरी वेळा वाचला असेन. त्या रात्री तो पहिल्यांदाच माझ्या कपाटात येऊन बसला.

मन मात्र दुकानदाराचंच. लगेच दुसऱ्या बाजूचा जमाखर्च मांडायला लागलं. यांनी ‘हँडलिंग’ म्हणून चार हजार घेतले, कशाचे ते कुणी सांगितलं नाही. विमा आपल्या पसंतीच्या कंपनीचा घ्यायला ग्राहक मोकळा असतो, तरी यांनी स्वतःकडचाच गळ्यात मारला. मग आता? एवढी मोठी कंपनी, त्यांना काय फरक पडतो? आणि सगळ्यात शेवटचं, सगळ्यात गोड कारण : कागदावर त्यांचीच सही आहे. दिलं की त्यांनी. अदत्त कसं?

या शेवटच्या कारणावर मी बरेच दिवस राहिले, कारण ते अगदीच खोटं नाही. व्यवहारात कमी-जास्त होतंच. दिवाळीच्या सेलमध्ये दुकानदारानं साडी पडत्या भावानं दिली तर आपण काही परत जाऊन पैसे देत नाही. घासाघीस करून किंमत उतरवली तर ती आपली हुशारी. मग फरक कुठं? मला जो सापडला तो असा : साडीवाला जे देतो ते त्याला ठाऊक असतं. द्यायला हात लागतो तसं जाणणंही लागतं. शोरूमनं चाळीस हजार एकदा जाणून दिले. दुसऱ्यांदा दिले नाहीत, ते त्यांच्या हातून सांडले. सही कागदावर होती, देणं कुठंच नव्हतं.

मग एक दिवस स्वाध्यायात दुसरीच गोष्ट हाती लागली. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्यव्रताचे पाच अतिचार आहेत, त्यात एक न्यासापहार. न्यास म्हणजे ठेव. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ असा लावला आहे की, ठेव ठेवणारा माणूस आकडा विसरला आणि कमीच मागायला लागला, तर ‘हो, एवढीच होती’ असं म्हणून त्याला मान डोलावणं. बघा, यात कुणी काही पळवलं नाही. मागितलेलं सगळं दिलंय. फक्त समोरच्याच्या विसरण्याला आपण होकार भरला. आणि गंमत म्हणजे हे अचौर्यात नाही, सत्यात घातलंय. म्हणजे पैशाच्याही आधी तिथं खोटं घडतं, तोंड बंद ठेवूनसुद्धा. मी पोथी मिटली. त्या दिवशीही बोलले नाही, हेही लिहून ठेवते.

अकराव्या दिवशी फोन आला. ज्या पोरानं गाडी दाखवली होती, त्याचाच. खानापूरकडचा, चोवीस-पंचवीसचा असेल. ‘काकू, साहेबांना द्या ना जरा,’ म्हणाला. मुलगा घरी नव्हता. मग मलाच सांगितलं. ऑडिटमध्ये चूक सापडली. हिशेबाचा कागद त्यानं बनवला होता, पैसे आले नाहीत तर त्याच्या पगारातून कापणार. ‘काकू, चूक माझी आहे. पण चाळीस हजार म्हणजे...’ पुढं तो काही बोलला नाही.

माझ्या मनातल्या त्या ‘मोठ्या कंपनी’चं तोंड असं खानापूरकडचं निघालं.

संध्याकाळी घरात सांगितलं. अकरा दिवसांचंही सांगितलं. मुलगा गप्प झाला. यजमान म्हणाले, ‘त्यांची चूक, त्यांनी निस्तरावी.’ जाऊबाई आल्या होत्या, त्यांनी तर मलाच घेतलं, ‘अगं, सही झाल्यावर कोण देतं? तू उगी कशाला बोलूलालीस त्यांच्याकडनं?’ माझा भाचा वकील आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला, १८७२च्या करार कायद्यात दोन कलमं आहेत आणि लोक त्यांतलं सोयीचं तेवढं वाचतात. कलम २२ म्हणतं, एका पक्षाची वस्तुस्थितीबद्दल चूक झाली एवढ्यावरून करार मोडता येत नाही. आणि कलम ७२ म्हणतं, चुकून मिळालेला पैसा किंवा वस्तू ज्याला मिळाली त्यानं ती परत करायची. ‘मामी, तुमचा करार ठरल्या किमतीचा होता. तो कुणी मोडत नाही. बेरीज चुकली, तेवढं द्या.’

हे लिहिताना मला ओळखीतल्या एका बाईंचं आठवतं. शाळेत शिकवायच्या, एकट्या, प्रत्येक महिन्याचा हिशेब करणाऱ्या. स्कूटर घेताना दुकानदारानं त्यांना एक किंमत सांगितली, लिहूनही दिली. त्या आकड्यावर त्यांनी ठरवलं, कर्ज काढलं. दोन महिन्यांनी दुकानदार म्हणतो, किंमत जुन्या यादीतली होती, नऊ हजार आणखी द्या. त्यांनी दिले नाहीत, आणि माझ्या मते त्यांनी काही चुकीचं केलं नाही. त्यांना चूक माहीत नव्हती, आणि बरोबर किंमत कळली असती तर कदाचित त्यांनी ती स्कूटर घेतलीच नसती. आमचं तसं नव्हतं. बोनस एकदाच आहे हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं, गाडी त्याच हिशेबानं ठरवली होती. आणि मला तर पहिल्या रात्रीपासून माहीत होतं. सही केली तेव्हा आमचा दोष नव्हता. माझा दोष सुरू झाला तो फाईल बंद केली तेव्हा.

तर पैसे द्यायचे ठरलं. पण इथं गोष्ट संपली नाही.

दुसऱ्या दिवशी शोरूमच्या मॅनेजरचा फोन आला आणि पोराचा जो नरम सूर होता तो गेला. म्हणाले, नवा करार पाठवलाय, त्यावर सही करून आणा, नाहीतर आरसी मिळणार नाही. कागद आला. त्यात चाळीस हजारांची दुरुस्ती होतीच. पण तारीख गाडी घेतली त्या दिवशीची घातली होती, आणि आधीच्या कागदात लिहिलेले सीट कव्हर आणि दोन वर्षांची वाढीव वॉरंटी यातून गायब होती.

मुलगा चिडला. म्हणाला, आता एक पैसा देत नाही. मलाही क्षणभर बरं वाटलं. समोरचा उद्धट निघाला की आपलं देणं हलकं झाल्यासारखं वाटतं. पण ते हलकं होत नाही. चाळीस हजार मॅनेजरच्या स्वभावाचे नव्हते.

मात्र तो कागदही सही करण्याजोगा नव्हता. त्याच सूत्रात, न्यासापहाराच्या अगदी शेजारी, कूटलेखक्रिया बसली आहे, म्हणजे खोटा लेख करणं. मागची तारीख घालून, जणू पहिला कागद झालाच नव्हता असं दाखवणं म्हणजे दुसरं काय? आपल्या बायकांना एक सवय असते, एकदा आपण चुकलो असं वाटलं की पुढं सगळंच मान्य करून मोकळं व्हायचं. अपराधी मन कुठंही सही करतं. पैसे देणं ही एक गोष्ट, खोट्या तारखेवर सही ही वेगळी.

आम्ही दोघं शोरूममध्ये गेलो. मी त्या दिवसाचीच तारीख घालून एका कागदावर लिहून नेलं होतं : मूळ हिशेब असा, त्यात बोनस दोनदा धरला गेला, म्हणून ४०,००० चेकनं देत आहोत, बाकीच्या सगळ्या अटी पहिल्या कागदाप्रमाणे. मॅनेजर म्हणाले, आमचा फॉर्म असतो. मुलगा म्हणाला, फॉर्ममध्ये आजची तारीख घाला आणि वॉरंटी लिहा, मग करतो. आरसीचं मी विचारलं, ‘ती परिवहन खात्याची ना हो?’ ते जरा हसले. अर्धा तास लागला. शेवटी माझ्याच कागदावर त्यांचा शिक्का बसला आणि चेकची पावती मिळाली. त्या पोराच्या पगाराबद्दल विचारलं तर म्हणाले, ते आमचं आतलं आहे. पोरगा काचेपलीकडे दुसऱ्या कुणाला गाडी दाखवत होता. त्यानं हात वर केला, मीही केला.

माझे वडील कापडाच्या दुकानात गल्ल्याच्या बाजूला एक पत्र्याचा डबा ठेवायचे. कुणी सुटे विसरलं, मीटर मोजताना कुणाचे जास्त आले, की ते चिठ्ठीसकट त्यात जायचे. मला त्या डब्याचा फार अभिमान. पण खरं सांगायचं तर त्याच गल्ल्यावर कच्ची बिलंही असायची आणि पक्कीही. अचौर्याच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे, राज्याचे नियम डावलून व्यवहार करणं. दशलक्षण पर्वात इतकी प्रवचनं ऐकली, या अतिचारावर कुणी फार वेळ थांबल्याचं मला आठवत नाही. ऐकणाऱ्यांत सगळे दुकानदारच असतात ना. वडिलांना डब्यातला माणूस दिसायचा, त्याचं नाव, गाव चिठ्ठीवर असायचं. सरकारला तोंड नव्हतं. मलाही शोरूमला तोंड नव्हतं, तोवर झोप लागत होती.

एका प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही. फोन आला नसता तर बाराव्या दिवशी मी बोलले असते का? सूनबाई म्हणते, ‘आत्या, तुम्ही बोलला असताच.’ ती चांगली आहे.

आणि ते हँडलिंगचे चार हजार. चेक लिहिताना मुलगा म्हणाला होता, छत्तीसच लिहूया, हिशेब फिटला. मी नको म्हटलं. आपलं देणं आपल्याच न्यायानं कापून द्यायचं, तर मग त्या डब्यात मी पुन्हा माझाच हात घालणार. ते चार हजार मागायचे तर उघड मागू. पत्र लिहून ठेवलंय, कसले आकारले ते लेखी कळवा आणि हिशेब लागत नसेल तर परत करा. उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ नंबर भाच्यानं फ्रिजवर चिकटवून दिला आहे. सोमवारी पोस्टात टाकेन.