गर्दीतले वाचन आणि उघडे कान



आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ जण रोज विरार लोकलने कामाला जातात. त्यांतील काही जण गाडीत मोबाइलवर दिवसाची शास्त्रवाचने वाचतात, हे ऐकून आम्हाला आनंद होतो. मात्र त्यांची एक तक्रार असते : "फादर, मन लागत नाही. शेजारी कोणी मोठ्याने फोनवर बोलतो, कोणी व्हिडिओ लावतो."

तक्रार खरी आहे. उपायही आहेत. वाचने घरीच उतरवून घ्यावीत आणि वाचताना फोनची नोटिफिकेशन बंद ठेवावीत, कारण निम्मा गोंगाट आपल्याच हातातला असतो. आवाज कमी करणारे हेडफोनही मिळतात. त्यांतील बारीक मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो, यंत्र त्याच्या उलट लहर तयार करते आणि दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. गाडीची, पंख्याची एकसुरी घरघर त्यामुळे बरीच कमी होते. माणसाचे बोलणे मात्र क्षणाक्षणाला बदलते, ते तितके दबत नाही.

असे हेडफोन आम्हालाही एकाने भेट दिले. एके दुपारी आम्ही गाडीत ते लावून स्तोत्रे वाचत होतो. फार दिवसांनी इतके शांत वाचन झाले. बोरिवलीला समोरचे गृहस्थ उतरताना दिसले, ते आपल्याच धर्मग्रामातले. आम्ही हात केला, त्यांनीही केला. दोन दिवसांनी ते मिस्साची विनंती घेऊन आले. त्या दुपारी ते पत्नीच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात चालले होते. म्हणाले, "फादर, एक हाक मारली होती. तुमच्या कानात ते होतं, मग परत नाही मारली."

त्या दिवशी आम्ही देवाचे शब्द वाचत होतो आणि देवाने पाठवलेला माणूस समोर बसून उतरून गेला.

संत ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स' या ग्रंथात मिलानचे बिशप संत अॅम्ब्रोज यांच्याविषयी लिहिले आहे. अॅम्ब्रोज वाचत असत तेव्हा डोळे पानावरून फिरत, पण ओठ हलत नसत. दार सर्वांना उघडे असे, वर्दी देण्याची गरज नसे. येणारे लोक मात्र त्यांना त्रास नको म्हणून गप्प बसत आणि निघून जात. ऑगस्टीन यांच्या मनात तेव्हा प्रश्नांचे काहूर होते, तरी तेही न विचारता परतत. पुढे इ. स. ३८७ मध्ये त्यांनी अॅम्ब्रोज यांच्याच हातून बाप्तिस्मा घेतला; रविवारच्या उपदेशांतून त्यांना वाट सापडत गेली होती. तरीही ते मुके परतणे त्यांना विसरता आले नाही. दार उघडे असूनही माणूस बाहेर राहू शकतो.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू मोठ्या गर्दीतून यरीहो सोडून निघतो. वाटेवर बसलेला आंधळा बार्तीमय ओरडतो. लोक त्याला दटावतात. त्यांच्या दृष्टीने तो गोंगाटच असतो. येशू मात्र थांबतो आणि त्याला बोलावून घेतो. इतक्या आवाजातून ती एक हाक त्याने वेगळी ओळखली.

बंधू-भगिनींनो, शांतता हवीच. पण ती ऐकण्यासाठी हवी, ऐकू येऊ नये म्हणून नव्हे. म्हणून गाडीत जरूर वाचा, हेडफोनही लावा. पण अधूनमधून मान वर करून समोर कोण आहे ते पाहा. रूळ किंवा रस्ता ओलांडताना ते कानातून काढाच. तिथे न ऐकलेला आवाज जिवावर बेततो. आणि आपला व्हिडिओ, आपले फोनवरचे बोलणे हळू ठेवा. शेजारी कोणी प्रार्थना करत असेल, कोणी नुसते दुःख गिळत बसले असेल.

त्या गृहस्थांची पत्नी आता घरी आली आहे, प्रभूचे आभार. ते हेडफोन आजही आमच्याकडे आहेत. गाडीत आम्ही आता एकच कान झाकतो.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

आपले धर्मगुरू