दोन तक्त्यांमधली रेघ

पॉवर बीआयसारख्या अहवाल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये विक्रीचा एक तक्ता आणि ग्राहकांचा दुसरा तक्ता आणला, की दोघांमध्ये एक रेघ ओढावी लागते. माउसने ओढायची ही रेघ काही सेकंदांचे काम, म्हणून ते संगणक विभागाकडे सोपवून दिले जाते. मालक, लेखापाल आणि विक्री सांभाळणारी मंडळी थेट आलेख पाहायलाच येतात. मला हे चुकीचे वाटते. ती रेघ म्हणजे धंद्याविषयीचे एक विधान असते. विक्रीच्या प्रत्येक ओळीमागे ग्राहकांच्या तक्त्यातली एकच ओळ उभी आहे, असे आपण तिथे ठामपणे सांगतो. विधान चुकले तर त्यावर उभे राहिलेले आकडेही चुकतात, आणि आलेख मात्र तितकाच देखणा दिसत राहतो.

नोंदींचे धागे जुळवण्याची गरज संगणकाने निर्माण केलेली नाही. रोजकीर्दीत नोंद केली की शेजारी खतावणीचे पान लिहायचे, ही पद्धत आपल्या पेढ्यांवर रुळलेलीच होती. पण पान म्हणजे जागा. नवी वही घातली की पाने बदलत आणि जुने धागे जुन्या वहीतच राहत. सुरुवातीच्या संगणकीय नोंदींचेही थोडेफार असेच होते: माहिती कुठे आणि कोणत्या वाटेने साठवली आहे, हे ठाऊक असल्याशिवाय तिच्यापर्यंत पोहोचता येत नसे. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी मांडलेला विचार म्हणूनच मोलाचा. नोंदी जागेने जोडू नका, त्यांच्यातल्या मूल्यांनी जोडा, असे त्यांनी सांगितले. मग प्रश्न उरतो तो असा, की नोंद नेमकी ओळखायची कोणत्या मूल्याने?

याचे उत्तर सॉफ्टवेअरपाशी नसते. खरेदीचे बिल घ्या. नुसत्या बिल नंबरावर दोन तक्ते जोडणे घातक, कारण ४५ नंबरचे बिल दहा पुरवठादार देऊ शकतात. जीएसटीच्या नियमांप्रमाणे हा नंबर त्या पुरवठादारापुरता आणि त्या आर्थिक वर्षापुरताच एकमेव असावा लागतो. म्हणजे ओळख पटवायला जीएसटी क्रमांक, बिल नंबर आणि वर्ष ही तिन्ही हवीत. पण पुरवठादार तरी एक कशाला म्हणायचे? महाराष्ट्रात आणि गोव्यात नोंदणी असलेल्या एकाच कंपनीचे जीएसटी क्रमांक दोन असतात, एक २७ने सुरू होणारा आणि दुसरा ३०ने. दोन्हींच्या पोटात पॅन मात्र एकच. कराचा ताळमेळ घालायचा असेल तर ते दोन पुरवठादार. एका पुरवठादारावर आपण किती विसंबून आहोत हे पाहायचे असेल तर एकच. रेघ कुठल्या रकान्यावर ओढायची हे प्रश्नावर ठरते, आणि प्रश्न धंदा चालवणाऱ्याचा असतो.

सॉफ्टवेअर आता दोन तक्त्यांमधले नाते आपोआप ओळखते, असे यावर सांगितले जाईल. ओळखते, पण त्यासाठी ते मुख्यतः रकान्यांची नावे पाहते. नाव सारखे असले म्हणजे अर्थ सारखा असतोच असे नाही. शिवाय एका विक्रीला मागणीची तारीख असते, बिलाची असते, पैसे आल्याचीही असते. विक्रीचा तक्ता आणि दिनदर्शिकेचा तक्ता यांच्यात पॉवर बीआय एका वेळी एकच नाते चालू ठेवते. बाकीची तुटक रेघांनी दिसतात आणि सूत्रात मुद्दाम बोलावल्याशिवाय कामाला येत नाहीत. मार्चअखेरची मागणी आणि एप्रिलचे बिल कोणत्या वर्षात धरायचे, हे रकान्याचे नाव कसे सांगणार?

दुसरा आक्षेप अनुभवी माणसांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळे एकाच मोठ्या तक्त्यात का घालू नये? एक्सेलवर वाढलेल्या प्रत्येकाला ही वाट सोपी वाटते, आणि छोट्या कामाला ती पुरतेही. पण बिलावर चार वस्तू आणि दोन हजार रुपये गाडीभाडे असेल, तर एकत्र केलेल्या तक्त्यात ते भाडे चार ओळींवर चार वेळा उमटते आणि बेरीज आठ हजार होते. टॅब्लो या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरने २०२० साली तक्ते वितळवून एक करण्याऐवजी त्यांना वेगळे ठेवून नात्याने जोडण्याची सोय दिली, ती या दुप्पट-चौपट मोजणीवरच उपाय म्हणून. तरी एक निर्णय उरतोच: भाडे वस्तूंवर वाटायचे ते वजनाने, किमतीने, की वाटायचेच नाही?

सर्वांत जास्त गैरसमज होतो तो बेरजेविषयी. बँकेतल्या एका संयुक्त खात्यात पाच लाख आहेत आणि खातेदार दोन. नाते बरोबर जोडले तर अहवालात दोघांच्या नावापुढे पाच-पाच लाख दिसतात आणि तळाशी एकूण पाचच. हे पाहून अहवाल बिघडला असे कुणीतरी म्हणते, आणि बेरीज जुळावी म्हणून प्रत्येकापुढे अडीच लाख घातले जातात. पण निम्मे याचे आणि निम्मे त्याचे, असे बँकेला कुणी सांगितलेलेच नसते. खाते दोघांपैकी कुणीही चालवावे असे असेल, तर त्यातले पाचही लाख काढण्याचा अधिकार दोघांनाही आहे. अहवालातल्या त्या दोन ओळी तेच सांगत असतात.